पंचमीचं रक्त

सांगली
१९ जुलै २०२५

ती. बनूआत्तीस,
शिवांजलीचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र बुधवारी मिळालं. आबांनी डाव्या हातानं भाकरी मोडून खाल्ली हे वाचून मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीला वाटलं, माझं लग्न ठरलं.

आबा, हे पान आत्ती तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. वाचा शिकवणाऱ्या बाईंनीच तसं सांगितलंय. सैन्यात सव्वीस वर्षं तुम्ही घरच्या पत्रांवर काढलीत, तर बोलणंही पत्रांवरच परत येईल असं त्या म्हणतात. फोनवर तुम्हालाही रडू येतं आणि मलाही, त्यापेक्षा हे बरं.

येत्या २९ तारखेला मेंदूच्या झटक्याला नव्वद दिवस होतात. त्या दिवशी तुमचं तिसरं आणि शेवटचं रक्त घ्यायचं आहे. तिथल्या लॅबमधले तानाजीकाका घरी येऊन घेतील आणि बर्फाच्या डब्यातून इकडे पाठवतील. सुभेदारसाहेब, तुम्हाला समजेल असं सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळे हुकूम लिहून ठेवलेले असतात, जीन्स म्हणतात ते हेच. पण सगळे हुकूम एकदम सुटत नाहीत. आज कुठले सुटलेत आणि किती जोरात, ते आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून वाचतो. गुठळी हृदयातून मेंदूत गेली तर या पहारेकऱ्यांमध्ये एक तऱ्हेची धावपळ दिसते, मानेच्या शिरेतून गेली तर दुसरी. अजून हा अभ्यासच आहे, पक्कं निदान नाही. तुमच्या नळीला मला हात लावायला बंदी आहे, घरचा माणूस म्हणून. आमच्या लॅबच्या प्रमुख स्वप्नाली मॅडम स्वतः बघतात.

दुसरं पान. आत्ती, हे फक्त तुला. वाचलंस की डब्यात घाल.

मला फार भीती वाटते गं. हृदयाचा आलेख चांगला, मानेच्या शिरा चांगल्या, साखर नाही, तंबाखू नाही. फाइलवर ‘कारण अज्ञात’ एवढंच लिहिलंय. वैरी कुठल्या दारानं आला तेच माहीत नाही, मग कडी कुठल्या दाराला लावायची? पहिल्या दोन्ही रक्तांत धड उत्तर मिळालं नाही. माझा सगळा जीव आता या तिसऱ्यावर आहे. फोनवर रहिमतपूरचं नाव उमटलं की उचलायच्या आधी मी देवाचं नाव घेते.

रोज सकाळी त्यांना हसायला लाव, दोन्ही हात वर करायला लाव. आणि एक विसरू नकोस. त्यांच्या तोंडून ‘व्हय’ एवढाच शब्द येतो, मनात हो असो की नाही. त्या शब्दावर जाऊ नकोस, डोळे बघ.

आई गेल्यापासून तूच आमचं घर धरून ठेवलंयस. तुझा लोभ आहे म्हणून मी इथे उभी आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी
शिवा

---

रहिमतपूर
३१ जुलै २०२५

चि. शिवांजलीस,
बनूआत्तीचे पोटभर आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. पयलं पान तुज्या आबाला, ज्ञानूला वाचून दावलं, लग्नाचं वाक्य दोनदा वाचलं. तो हसला. मी न्हाई हसले. अठ्ठावीस पुरी झाली तुजी, आता शेजारणीलाच नवरा बगाया सांग.

आगं, यवढी शिकलीस आन भितीवरचं कॅलेंडर बगाया येत न्हाई? २९ ला पंचमी हुती! चाळीस वर्सात पयल्यांदा मी पंचमीला सासरी, शिराळ्यात न्हवते. हितं बसून माज्या पोराला, दिग्विजयाला फोनवर इचारत हुते, मिरवणूक कुटवर आली, पूजानं मेंदी काढली का. आदल्या दिशी भावाचा उपास केला. ज्ञानूसाठनं औंदा पाणीबी घेतलं न्हाई.

पंचमीला सकाळी दिंडं करायला बसले तर पुरणाची परातच हातातनं सुटली. उजवा हात मेला गपगार पडला. सुनेला फोनवर दिंडं म्हणायचं तर शबुदच यीना, नुसतं त्ये, त्ये करत बसले. पूजा हसाय लागली, सासूबाय म्हाताऱ्या झाल्या म्हणून. घटकाभरानं समदं जागच्या जागी. उपासाची चक्कर, दुसरं काय. ज्ञानूनं मातर पलंगावरनं आरडून घर डोक्यावर घेतलं.

तवर तुजा तानाजी सुई घिऊन दारात. रक्त दिलं हाय. नळी भरली, तुज्या आबाचं नाव आन आकडा त्यानं चिकटवला, बर्फात घातली आन गेला. तुला पायजे ते मिळालं, आता जास्ती इचारू नगं. ज्ञानू व्हय व्हय म्हणत हुता, पलंगावर हात आपटत हुता. त्येच्याबी मनासारखं झालं म्हणायचं.

आता तो आंगुळीला गेलाय म्हणून हे लिवते. शिवा, मला लय भ्या वाटतं. दुपारी त्येचा डोळा लागला की मी त्येच्या नाकाम्होरं सूत धरते. सूत हाललं की मग मी खाली बसते. धाकटा भाव हाय, मी त्येला कडंवर घिऊन शाळंत पोचवलाय. माज्या आधी त्यो जायचा न्हाई, यवढंच मागणं मी नागोबाला मागितलं.

ओळी तिरक्या यायला लागल्यात बग. चष्मा बदलाया पायजे. आमच्यावरची माया आटू दिऊ नगं.

तुजी
आत्ती

---

सांगली
२० ऑगस्ट २०२५

ती. आत्तीस,
शि. सा. न.

आज पहिलं पानच नाही, सगळंच दुसरं पान आहे. आबांसमोर उघडू नकोस.

मॅडमनी काल मला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. आबांच्या तिसऱ्या रक्तातली मोजकी जीन्स आधी वाचून झाली आहेत. पहिल्या दोन रक्तांत जे नव्हतं ते यात ढळढळीत दिसतंय. हृदयातून गुठळी सुटते त्या लोकांत दिसते तशी धावपळ, आणि जुनी नाही, ताजी. जणू त्या दोन-चार दिवसांतच पुन्हा काहीतरी घडून गेलंय. मॅडम म्हणाल्या की एवढ्यावरून औषध बदलता येत नाही, पण गप्प बसताही येत नाही. आबांना इथे आणून छातीवर यंत्र चिकटवायचं, पंधरा दिवस ठोके मोजायचे. ठोका चुकताना सापडला तर रक्त पातळ करायची गोळी. ती गोळीही साधी नाही, उगाच दिली तर मेंदूत रक्तस्राव व्हायची धास्ती.

इतके महिने मी देवाला म्हणत होते, कारण सापडू दे. आता सापडतंय असं वाटतं, तर ते सापडूच नये असं झालंय. त्या दिवशी आबांचं तोंड वाकडं झालं होतं का? हात आणखी पडला होता का? तू नीट आठव. काही घडलं असेल आणि मला भीती वाटेल म्हणून लपवलं असशील तर आता सांग. तुझ्या पाया पडते.

तोवर त्यांना एकटं सोडू नकोस. गणपती झाले की गाडी पाठवते.

रागावले असले तरी तुझीच आहे, जवळ धर.

शिवा

---

रहिमतपूर
२३ ऑगस्ट २०२५

चि. शिवास,
आशीर्वाद. आन आधी माफी.

तुजं पत्र परड्यात हुबं ऱ्हाऊन वाचलं. वाचलं आन तशीच कागद घिऊन लिवाया बसले. पोरी, ज्ञानूला कसलं यंत्र लावू नगा, कसली गोळी दिऊ नगा. ते रक्त त्येचं न्हाई. माजं हाय.

कसं झालं ते सांगते. तानाजीनं सुई काडली आन माज्या काळजात चर्र झालं. पंचमीला आपण विळी लावत न्हाई, काकडी चिरत न्हाई, चुलीवर तवा ठेवत न्हाई, रानात कुदळ मारत न्हाई. ज्या भावासाठनं काल पाणी घेतलं न्हाई, त्येच्या अंगात आज लोखंड घालू? तेबी मी म्होरं बसून? तानाजीला म्हणलं, उद्या ये. तो म्हणला, आवं आक्का, तारीख चुकली तर पोरीचा समदा अभ्यास वाया जाईल. मग मीच हात म्होरं केला. म्हणलं, माजं घे. एका आईच्या पोटचं, एका दुधावरचं रक्त, त्यात कसला फरक? तो लय नको म्हणला. मी त्येच्या आईची शपथ घातली. माजा हट्ट तुला ठावा हाय, त्येला बोल लावू नगं.

मला काय म्हाईत की तुमी रक्ताला बोलाया लावता! तू लिवलेलं हुकूम-बिकूम वाचलं, पर मला कुटं कळतंय, मला वाटलं, साखर बगतात तसलं काय आसंल.

पर शिवा, आता घोर सोड. आगं, ते वंगाळ रक्त ज्ञानूचं न्हवं! म्हंजे त्येला पुन्यांदा काय झालेलं न्हाई. देव पावला. मी दिवा लावला, गूळ ठेवला. चार दिसांनी गणपती बसतोय, त्येला आता माज्या हातानं मोदक भरवते. तू आपली मॅडमला सांग की म्हातारी चुकली, तिला पदरात घ्या, आन ती नळी फेकून द्या.

तुजा राग निवला की दोन ओळी लिव.

तुजी अडाणी
आत्ती

---

सांगली
२६ ऑगस्ट २०२५
(दिग्विजयदादाच्या हाती)

ती. आबांस,
शिवांजलीचा शि. सा. न.

आबा, हे पत्र आत्तीला देऊ नका. तुम्ही वाचा. तुम्हाला वाचता येतंय हे मला माहीत आहे, सावकाश वाचा.

पंचमीला तुमच्या नावानं गेलेलं रक्त आत्तीचं होतं. तुम्ही समोरच होतात, तुम्हाला हे ठाऊकच आहे. आज दुपारी तिचं पत्र माझ्या हातात पडलं आणि त्याच वेळी मॅडमचं बोलावणं आलं. पुरी तपासणी झाली होती. पुरुषाच्याच रक्तात चालणारी काही जीन्स त्या नळीत अगदी गप्प होती आणि बाईच्याच रक्तात चालणारं एक मोठ्यानं बोलत होतं. मॅडम विचारत होत्या, सुभेदारांच्या नावानं ही कोण बाई? मी आत्तीचं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्या वाचत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

आत्ती लिहिते, घोर सोड, ते रक्त ज्ञानूचं नाही. आबा, मग तो घोर कुणाचा? मी तिचं पंचमीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. परात सुटली, उजवा हात पडला, शब्द येईना. मेंदूचा झटका आला की हेच होतं असं मी गावोगावच्या लोकांना सांगत फिरते, आणि माझ्याच आत्तीनं ते मला गंमत म्हणून लिहिलं तर मी हसून घडी घातली. खालच्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली गेल्यात. ते मी चष्म्यावर घातलं. मी स्वतःला कशी माफ करू?

मी लगेच फोन केला. ती म्हणते, उद्या गणपती बसायचाय, ज्ञानूला कोण बघेल, मला धाड भरली नाही. रडले, ओरडले, ऐकत नाही. दादा गाडी घेऊन आलाय, पूजावहिनी तुमच्याजवळ राहील. पण आत्तीला गाडीत बसवायचं काम आमच्या कुणाच्यानं होणार नाही, ते तुमचंच. पुढचा झटका छोटा येईल की मोठा, आज येईल की महिन्यानं, कुणी सांगू शकत नाही. आजचा दिवस जाऊ देऊ नका.

तुमच्या पायांशी ठेवलेली
शिवा

---

सांगली, दवाखाना
४ सप्टेंबर २०२५

चि. ज्ञानूस,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

पूजा, हे त्येला मोठ्यानं वाचून दाव.

ज्ञानू, तू त्या दिशी काय केलंस रं! पत्र वाचलंस, काठी टाकलीस आन भितीला धरून हुबा राह्यलास. चार महिन्यांत पयल्यांदा काठीबिगर आपल्या पायावर. माज्या चपला डाव्या हातानं उचलून माज्या म्होरं ठेवल्यास. मी न्हाई म्हणले तवा आपणच जाऊन गाडीत बसलास, आन दार लावंचना. व्हय व्हय करून आळी गोळा केलीस. म्हणून बसले. लोकांत तमाशा नगं म्हणून. सांगलीपतूर माजा पदर तुज्या मुठीत हुता, दुसऱ्या दिशी दिग्विजयानं तुला माघारी न्हेला तवा कुठं सुटला.

हितं डोक्याचा फोटू काढला. उजव्या हाताच्या जागंवर एक बारका डाग हाय म्हणत्यात, नवाच. छातीवर यंत्र चिकटवलं. चौथ्या दिशी, मी चा पीत बसले हुते, मला काय कळलंबी न्हाई, आन तिकडं तीन तास काळीज वाट चुकल्यागत पळत हुतं. डॉक्टर म्हणले, गुठळी हितनंच सुटती. दोन वक्ताला गोळी लावलीय. शिवा सांगती, ती गोळी एक दिस चुकवायची न्हाई, उपासाच्या दिशीबी न्हाई.

खरं सांगू? मला लय भ्या वाटतं. तुज्यासाठनं भेत हुते तवा हात चालत हुते, सूत धरत हुते, भाकरी करत हुते. आता माजंच भ्या हाय तर काय करावं कळत न्हाई. डोळं मिटायचं म्हणलं तरी वाटतं, उघडतील का, आन उघडले तर तुजं नाव तोंडात यील का. शिवा उशाला बसून माजा हात धरती. पोर वाळलीय.

तुजं रक्त पुन्यांदा घेतलं, तुजंच. तुजं कारण अजून सापडलं न्हाई. म्हणून तू तुज्या गोळ्या घे, हात वर करत जा. मी न्हाई तवर पूजाला तरास दिऊ नगं, आन आक्काला इसरू नगं.

तुजी
आक्का

---

रहिमतपूर
१६ सप्टेंबर

ती. आक्का,
नमस्कार.

डावा हात. आठ दिवस लागले. पूजानं हात धरला न्हाई. माझं मीच.

पंचमी. तुझा हात पडला. मी बघितलं. मला झालं तसंच. वरडलो.

तानाजी आला. तू हात पुढं केला. मी न्हाई म्हणत हुतो. न्हाई. तिला बघा म्हणत हुतो. तोंडातनं व्हय आलं.

एक महिना घरात फिरत हुतीस. मी रोज तुज्याकडं बघत हुतो. दुपारी तू सूत धरायचीस. मी झोपलेलो नसायचो. तुजा हात थरथरतो का ते बघायचो.

गोळी घे. हुकूम हाय.

लवकर ये. सूत उशाखाली ठेवलंय. आता मी धरतो.

ज्ञानू